देव कोठला? मूर्तीचे गाव आणि मूर्तीचे मोल

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात सायंकाळच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल राम, लक्ष्मण आणि सीतामाई यांच्या मूर्तींची गावातून मिरवणूक निघाली. लाकडी पेट्या ट्रॅक्टरवरून उतरल्या, पेंढा बाजूला झाला आणि पांढऱ्याशुभ्र मूर्तींचे पहिले दर्शन झाले. त्या गर्दीत पुढे बसलेल्या एका वृद्ध आजीबाईंनी सहज विचारले, "देव कोठला शे?" कोणी उत्तर दिले, जयपूरचा. दुसऱ्याने सांगितले, मकराण्याचा. तिसरा हसून म्हणाला, आजी, देव आता आपल्या गावचा. उत्तरे तीन मिळाली आणि तिन्ही खरी होती. दगड मकराण्याचा, घडण जयपूरची, आणि प्राणप्रतिष्ठेनंतर वस्ती येथली.

आजीबाईंचा प्रश्न साधा असला तरी मूर्तीच्या व्यवहारात तोच सर्वांत मोठा प्रश्न आहे. मूर्ती कोठे घडली यावर तिची बाजारातील किंमत ठरते. ती किती वर्षे टिकेल, तिला दूध-दह्याचा अभिषेक चालेल की नाही, हेही त्यावरच ठरते. आणि पुढे शंभर-दोनशे वर्षांनी तिचे मोल काय राहील, हे तर बव्हंशी त्याच एका माहितीवर अवलंबून असते. जुना चौथरा उकरताना निघालेल्या भग्न मूर्तीचे काय करावे याबद्दल गावात गेले काही महिने जो वाद चालू आहे, त्याचेही उत्तर याच प्रश्नात आहे. त्याकडे शेवटी वळू.

प्रथम मकराणा. राजस्थानातील हे गाव पिढ्यान्‌पिढ्या संगमरवराच्या खाणींवर जगत आले आहे. ताजमहाल याच दगडाचा, कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल याच दगडाचे. हा दगड जवळजवळ शुद्ध चुनखडीचा आहे. त्याचे कण एकमेकांत घट्ट बसलेले असल्यामुळे तो पाणी फार कमी पितो आणि लवकर पिवळा पडत नाही. २०१५ साली मकराणा संगमरवराला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१९ साली भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला जागतिक वारशाच्या दगडांत स्थान दिले. भौगोलिक मानांकन हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली तेच मानांकन मिळाले. तूर सगळीकडे पिकते, पण नवापूरची म्हटली की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजते. आणि जास्त मोजते म्हणूनच दुसरीकडची तूर नवापूरच्या नावाने खपविण्याचा मोह होतो. दगडाचेही तंतोतंत असेच आहे.

खाणी मकराण्याला असताना मूर्तिकार जयपूरला कसे? त्याचे कारण राजाश्रय होय. सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूर वसविले, तेव्हा निरनिराळ्या कारागिरांना तेथे वस्तीला जागा दिली. आजही जयपुरात खजानेवालों का रास्ता या नावाचा जो रस्ता आहे, त्यावरून गेले की दोन्ही बाजूंनी टाकी-हातोड्याचा आवाज ऐकू येतो आणि दगडाची पांढरी भुकटी दुकानांच्या पायऱ्यांवर साचलेली दिसते. एकेका घरात एकेक कसब वाटून घेतलेले असते. एक जण ठोकळ्यातून आकार काढतो, दुसरा चेहरा आणि बोटे करतो, तिसरा घासून चकाकी आणतो, चौथा डोळे, ओठ आणि सोनेरी काठ रंगवितो. चेहरा करणाऱ्याचा मान मोठा. मूर्तीची बोली कितीही झाली तरी ती शेवटी चेहऱ्यावर येऊन थांबते, हे तेथील व्यापारीही कबूल करतात.

आता खरेदीतील खाचखळगे. जयपुरात घडलेली प्रत्येक मूर्ती मकराण्याच्या दगडाची असतेच असे नाही. गुजरातेतील अंबाजीचा दगड तेथे येतो, राजस्थानातील इतर खाणींचा येतो आणि अलीकडे थेट व्हिएतनाम देशातून आलेला पांढराफेक संगमरवरही येतो. हे दगड वाईट आहेत असे मुळीच नाही. व्हिएतनामचा दगड तर दिसायला अधिक एकसारखा पांढरा असतो. पण मकराण्याच्या भावाने तो घेतला तर दात्याच्या पैशाची फसवणूक झाली. त्याहून वाईट प्रकार म्हणजे संगमरवराची भुकटी आणि रासायनिक डिंक एकत्र करून साच्यात ओतलेली मूर्ती. ती दगडाची म्हणून विकली जाते. ती ओळखण्याच्या खुणा जाणत्यांनी सांगून ठेवल्या आहेत. बरगडीच्या बाजूला साच्याचा सांधा घासलेला दिसतो, वजन आकाराच्या मानाने कमी भरते, बोटाने टिचकी मारली असता आवाज बद्द येतो आणि हात लावला असता दगडाचा गारवा लागत नाही. अस्सल दगडात कोठे तरी एखादी करडी रेघ, एखादी छटा असतेच. डाग नको म्हणून हटून बसणाऱ्या गिऱ्हाइकाला व्यापारी बिनडागाची मूर्ती देतोही, मग ती कशाची बनली आहे ते त्यालाच ठाऊक!

जुन्या शिल्पशास्त्रात दगडाच्या आवाजाला फार महत्त्व आहे. घंटेसारखा नाद देणारा दगड पुरुष, त्याहून मृदू नाद देणारा स्त्री आणि ज्यातून नादच निघत नाही तो नपुंसक, अशी वर्गवारी केलेली आढळते. आणि नाद नसलेला दगड मूर्तीला वर्ज्य मानलेला आहे. यात धर्मभावना तर आहेच, पण व्यवहारही आहे. ज्या दगडाला आत भेग आहे, त्याचा नाद फुटका येतो. आमच्याकडे मडके घेताना बाया टिचकी मारून पाहतात, त्यातलाच हा प्रकार.

संगमरवर आपल्या मुलखाचा नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नंदुरबार जिल्हा, किंबहुना अवघा खानदेश, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर वसलेला आहे. सातपुड्यापासून तापीच्या खोऱ्यापर्यंत जिकडे तिकडे काळा कातळ. त्यातही नंदुरबार आणि धुळे या भागांत एक विशेष पाहावयास मिळतो. जमिनीच्या भेगांतून वर आलेला रस तेथेच थिजून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती तयार झाल्या आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात आणि त्यांचा अभ्यास करायला परदेशातून माणसे येतात. शेतात नांगर अडतो म्हणून आपण त्यांना शिव्या देतो, एवढेच! साध्या कातळात हवेच्या बुडबुड्यांची भोके असतात आणि त्यांत पांढरे खडे भरलेले असतात. त्यामुळे त्यावर बारीक काम उतरत नाही, नाकडोळे करताना टवका उडतो. डाइकचा दगड त्या मानाने घट्ट आणि एकजीव असतो.

यातून एक सरळ अनुमान निघते. खानदेशातल्या कोणत्याही जुन्या मंदिरात पांढऱ्या संगमरवराची मूर्ती दिसली की ती बाहेरून आलेली आहे हे नक्की समजावे. तिच्यामागे एक प्रवास आहे, कोणा तरी दात्याची यात्रा आहे. आणि ओबडधोबड काळ्या कातळाचा मारुती दिसला की तो बहुधा येथल्याच मातीतला, येथल्याच पाथरवटाच्या हातचा. आपल्या मंदिरातला जुना मारुती असाच आहे. त्याच्या अंगावर शेंदराचे इतके थर चढले आहेत की मूळ रूप कोणी पाहिलेले नाही. खानदेशातील असंख्य कुळांची कुलस्वामिनी असलेल्या वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर २०२२ साली तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढण्यात आले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या झाकलेले मूर्तीचे मूळ रूप भाविकांपुढे आले. आपल्या मारुतीचेही असे करावेच असा याचा अर्थ नाही. ते काम तज्ज्ञांचे आहे, छिन्नीने शेंदूर खरवडणाऱ्याचे नव्हे.

काळा दगड आणि पांढरा दगड यांचा आणखी एक फरक पुजारीबुवांनी आणि विशेषतः अभिषेकाचा नेम असलेल्या घराण्यांनी लक्षात ठेवावा. संगमरवर चुनखडीचा असल्यामुळे आंबट पदार्थ त्याला खातो. दही, लिंबू, पंचामृत, चिंचेचे पाणी हे सगळे त्याची चकाकी उतरवतात; सुरुवातीला कळत नाही, दहा-पंधरा वर्षांनी मूर्तीचे नाक-ओठ बोथट दिसू लागतात. चिंच लावून पितळ घासतात तशी संगमरवरी मूर्ती कोणी घासू नये. काळ्या कातळाला हा धोका फार कमी. पूर्वजांनी गाभाऱ्यात काळा पाषाण आणि त्यावर धारा, अशी जी रीत पाडली तिच्यात दगडाची जाण होती. नव्या मूर्तींसमोर एक लहान धातूची उत्सवमूर्ती ठेवून अभिषेक तिच्यावर करावा, असे समितीने ठरविले आहे, ते योग्यच होय.

अयोध्येचे उदाहरण ताजे आहे. श्रीरामजन्मभूमी मंदिरासाठी बालरामाच्या तीन मूर्ती तीन मूर्तिकारांकडून करून घेण्यात आल्या. त्यांपैकी एक जयपूरच्या मूर्तिकाराने पांढऱ्या संगमरवरात घडविली होती. गाभाऱ्यासाठी निवड झाली ती म्हैसूरच्या अरुण योगीराज यांनी घडविलेल्या ५१ इंची मूर्तीची आणि २२ जानेवारी २०२४ रोजी तिची प्रतिष्ठापना झाली. तिचा काळा दगड म्हैसूर जिल्ह्यातला. तो जेथून निघाला त्या शेताला लोक दर्शनाला जाऊ लागले, याची वृत्तपत्रांतून चर्चा झाली. दगड तोच, शेत तेच. त्यातून कोणती मूर्ती निघाली हे कळताच मातीलाही मान आला.

धातूच्या मूर्तींतही गावाचे महत्त्व असेच. तमिळनाडूत कावेरीकाठी स्वामिमलै नावाचे गाव आहे. तेथील स्थपती मेण आणि राळ यांची मूर्ती करून तिच्यावर मातीचा लेप देतात, मग तापवून मेण वितळवितात आणि रिकाम्या जागेत धातूचा रस ओततात. साचा एकदाच वापरता येतो, फोडावाच लागतो. म्हणून कोणत्याही दोन मूर्ती सारख्या नसतात. लेपासाठी जी माती लागते ती कावेरीच्या गाळाची. इतकी मऊ की मेणावरची रेघसुद्धा ती जशीच्या तशी उचलते. ही माती उचलून दुसरीकडे नेता येईल, पण हात कोठून न्यावेत? त्या मूर्तींनाही भौगोलिक मानांकन आहे. देवघरातील पितळी मूर्ती आपण बाजारातून आणतो त्या बहुधा अलीगड, मुरादाबादकडच्या असतात, एका साच्यातून शेकडो निघतात आणि वजनावर विकल्या जातात. पूजेला त्या पूर्ण योग्य. मात्र कोणी तीच मूर्ती आम्लात बुडवून, मातीत पुरून, काळी-हिरवी करून "दोनशे वर्षांची जुनी" म्हणून गळ्यात मारू लागला तर सावध राहावे.

दूरच्या गावांची एवढी वाखाणणी झाल्यावर आपल्याच जिल्ह्याचे नाव घेतले नाही तर ती कृतघ्नता ठरेल. पेणनंतर गणेशमूर्तींसाठी ज्या गावांचे नाव घेतले जाते त्यांत नंदुरबार आहे. येथील कारखान्यांतून मूर्ती गुजरात आणि मध्य प्रदेशात जातात. भौगोलिक सोय उघड आहे. तीन राज्यांच्या सीमा जवळ, आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग गावावरून गेलेला. गणपतीच्या आधी कितीतरी महिने शेकडो हात या कामात गुंतलेले असतात. साचा काढणारे वेगळे, फिनिशिंग करणारे वेगळे, आणि डोळ्यांची आखणी करणारा तर निराळाच. त्याच्या हातात कुंचला असताना कोणी त्याच्याशी बोलत नाही.

पण "नंदुरबारची मूर्ती" म्हणजे काय, हा प्रश्न विचारला की गंमत सुरू होते. प्लास्टर येते राजस्थानकडून, कारण जिप्समच्या मोठ्या खाणी तेथे आहेत. शाडू येतो गुजरातेतून. पेणची कथाही निराळी नाही. तेथल्या हमरापूर, जोहे या गावांतून कच्च्या, बिनरंगाच्या मूर्ती गाड्या भरभरून बाहेर जातात आणि दुसऱ्या गावी रंगविल्या जातात. मग ती मूर्ती कोणत्या गावची म्हणावी? माती एका गावची, आकार दुसऱ्या गावचा, डोळे तिसऱ्या गावचे. मुंबई-पुण्याच्या बाजारात मात्र दुकानावर पाटी एकच: पेणचे सुबक गणपती. नावाला भाव आहे म्हणून नाव पुढे करतात. नंदुरबारच्या कारागिराची मूर्ती सुरतेला विकली जाते तेव्हा त्या मांडवात नंदुरबारचे नाव किती वेळा घेतले जाते, याचा विचार आपल्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी करावा. काम आपले आणि नाव कोणाचेच नाही, अशी स्थिती राहिली तर मजुरीपलीकडे गावाला काही मिळणार नाही.

त्यातच प्लास्टरचा प्रश्न उभा राहिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नव्या मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. पुढे २०२५ च्या जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास आणि विकण्यास मोकळीक दिली, पण नदी-तलावातील विसर्जनावर बंधन ठेवले. तापीमाईच्या काठी राहणाऱ्यांना या बंधनाचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. पण ज्यांची रोजी या कामावर आहे त्यांना शाडूकडे वळायला वेळ आणि भांडवल लागते, हेही तितकेच खरे.

आता परदेशी बाजाराकडे वळू. कारण आपल्या चौथऱ्यातील मूर्तीचा प्रश्न तेथून फार दूर नाही.

तमिळनाडूत तंजावर भागात शिवपुरम नावाचे खेडे आहे. १९५१ साली तेथे शेतात काम करताना एका शेतकऱ्याला जुन्या कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांत नटराजाची एक अप्रतिम मूर्ती होती. सरकारने त्या गावच्या मंदिराकडे पूजेसाठी सोपविल्या. इथपर्यंत सारे चांगले झाले. १९५४ च्या सुमारास मूर्तींची डागडुजी करावी असे ठरले आणि त्या एका स्थपतीकडे धाडण्यात आल्या. दुरुस्त होऊन मूर्ती परत आल्या, गावाने वाजतगाजत पुन्हा बसविल्या. परंतु परत आलेला नटराज हा नवा होता, हुबेहूब नक्कल केलेला. अस्सल मूर्ती व्यापाऱ्यांच्या हाती गेली होती. गाव कितीतरी वर्षे नकलेची पूजा करीत राहिले आणि कोणाला संशयही आला नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील एका अभ्यासकाने मंदिरातली मूर्ती पाहून ती नक्कल असल्याचे सांगितले, तेव्हा बिंग फुटले. तोवर अस्सल नटराज अमेरिकेच्या वाटेला लागला होता. नॉर्टन सायमन या धनिकाच्या प्रतिष्ठानने तो सुमारे ९ लाख डॉलरना घेतला. भारत सरकारने दावा केला, तडजोड झाली आणि १९८६ साली मूर्ती भारतात परत आली.

या हकिगतीत चोर रात्री भिंत फोडून आला नाही. जीर्णोद्धार, डागडुजी, रंगरंगोटी अशा शुभकार्याच्या गडबडीत मूर्ती हलली. मूर्ती जागेवरून हलते ती वेळ सर्वांत धोक्याची असते, आणि आपल्या गावात आज नेमकी तीच वेळ आहे.

दुसरी हकिगत अलीकडची. तमिळनाडूतील श्रीपुरंतन गावच्या ओस पडलेल्या मंदिरातून नटराज चोरीस गेला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने २००८ साली न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर नावाच्या व्यापाऱ्याकडून तो ५० लाख डॉलरना विकत घेतला. मूर्ती जुन्या काळीच भारताबाहेर गेली होती, असे दाखविणारी बनावट कागदपत्रे सोबत होती. पुढे कपूर जर्मनीत २०११ साली पकडला गेला आणि २०२२ साली तमिळनाडूतील न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. नटराज २०१४ च्या सप्टेंबरात भारताला परत मिळाला. तो परत कशामुळे मिळाला हे ऐकण्यासारखे आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ साली त्या भागातील मंदिरांतील मूर्तींची छायाचित्रे काढून ठेवली होती. त्यांत हा नटराज होता. चोरट्यांच्या बनावट कागदांपुढे एक साधे कृष्णधवल छायाचित्र भारी पडले. ५० लाख डॉलरची मूर्ती बाजारात कवडीमोल झाली, कारण ती कोठली हे सिद्ध झाले. आणि त्याच कारणाने ती आपल्या देशाला अनमोल ठरली.

तेव्हापासून जगातील मोठी संग्रहालये मूर्ती घेताना दगडाच्या आधी कागद पाहतात. सांस्कृतिक वारशाच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० साली झाला. त्या सालाच्या आधी ही वस्तू कोठे होती, असा प्रश्न आता पहिल्यांदा विचारला जातो. उत्तर नसेल तर कितीही सुंदर मूर्ती असो, गिऱ्हाईक मागे सरते. याच्या उलट आपल्या खानदेशातले उदाहरण घ्या. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात चहार्डी येथे ऋषभनाथाची एक प्राचीन कांस्यमूर्ती मिळाली. ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे. तिच्यासोबत चहार्डी हे नाव गेले म्हणून खानदेशात त्या काळी जैन धर्माची वस्ती होती, येथे किंवा जवळपास धातूच्या मूर्ती पूजेत होत्या, असा इतिहास लिहिता आला. नाव गळाले असते तर तीच मूर्ती "पश्चिम भारत" एवढ्या मोघम चिठ्ठीखाली पडून राहिली असती.

जैन बांधवांची एक रीत तर अनुकरण करावी अशी आहे. मूर्तीच्या बैठकीवर संवत, तिथी, प्रतिष्ठा करणारे आचार्य, दाता आणि गाव कोरून ठेवायचे. विक्रम संवत १५४८ मध्ये, म्हणजे इ. स. १४९१ च्या सुमारास, जीवराज पापडीवाल नावाच्या श्रावकाने मुडासा या गावी संगमरवरी जिनमूर्तींची प्रतिष्ठा करवून त्या देशभरच्या मंदिरांना वाटल्या. आज कोणत्याही प्रांतातल्या जैन मंदिरात त्या लेखाची मूर्ती दिसली की जाणकार क्षणात सांगतो, ही त्या सालची, त्या गावची. पाचशे वर्षे झाली, पण देव कोठला हे कोणाला विचारावे लागत नाही.

आता आपल्या चौथऱ्याकडे. पाया उकरताना काळ्या दगडाची हातभर उंचीची, नाक झिजलेली, एक हात तुटलेली मूर्ती निघाली. ती विष्णूची की सूर्याची, यावर पारावर पुष्कळ चर्चा झाली. ते ठरविणे तज्ज्ञांवर सोडावे. गावात तीन मते आहेत. पहिले मत, खंडित मूर्ती ठेवू नये, प्रकाशाला संगमावर नेऊन विसर्जित करावी. दुसरे मत, एक व्यापारी चांगली रक्कम देतो आहे, तिच्यातून कळसाची तूट भरून निघेल. तिसरे मत, गावातच ठेवावी.

दुसऱ्या मताबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. १८७८ चा निधीविषयक कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्यावर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती परदेशी नेण्यास खाजगी व्यक्तीला मनाई, परवान्याशिवाय तिचा व्यापार करण्यास मनाई आणि जवळ बाळगणाऱ्याने नोंदणी करणे आवश्यक. रोख रक्कम घेऊन रात्री गाडीत मूर्ती घालून नेणारा माणूस हा कळसाला मदत करायला आलेला नसतो. शिवाय त्याला मूर्ती हवी आहे ती गावाच्या नावाशिवाय. ते नाव पुसणे हाच त्याचा धंदा.

पहिल्या मतामागे श्रद्धा आहे, तिचा अवमान कोणी करू नये. खंडित मूर्ती पूजेत नसावी ही परंपरा जुनी आहे. तथापि पूजेत नसणे आणि गावात नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रकाशा हे तापी-गोमाईच्या संगमावरील क्षेत्र. त्याच गावात १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले आणि ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आणले. म्हणजे ज्या गावी आपण मूर्ती बुडवायला निघालो, तेथे शास्त्रज्ञ मातीतून फुटके रांजणसुद्धा जपून वर काढत होते! आपल्या मूर्तीचा दगड डाइकचा असेल तर ती येथेच घडली, म्हणजे एके काळी या पंचक्रोशीत मूर्ती घडविणारे हात होते, असे होईल. दगड परका निघाला तर कोणी तरी ती दुरून आणली, म्हणजे त्या काळी या गावाचे दूरवर जाणे-येणे होते, असे होईल. दोन्हींपैकी काहीही खरे निघो, ते फक्त ही मूर्ती सांगू शकते, आणि तेही ती या चौथऱ्याखाली सापडली हे लिहून ठेवले असेल तरच.

म्हणून समितीपुढे ठेवण्यासारख्या काही गोष्टी आहेत. मूर्ती धुऊ नये, तिला शेंदूर किंवा तेल लावू नये. चारही बाजूंनी तिची छायाचित्रे काढावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी. तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. त्यांच्या परवानगीने ती मंदिराच्या आवारात, कुलूप असलेल्या जाळीच्या कोनाड्यात ठेवता आली तर उत्तम. संग्रहालयात न्यावी लागली तर गावाचे, तालुक्याचे आणि चौथऱ्याचे नाव तिच्या कागदावर लिहिले गेले आहे याची खात्री सरपंचांनी स्वतः करावी.

नव्या मूर्तींच्या बाबतीतही तेच. सभामंडपात दात्यांच्या नावांची पाटी लागणार आहे, आणि ती लागलीच पाहिजे. पण तिच्या खाली दोन ओळींची जागा सोडावी. दगड मकराण्याचा, घडण जयपूरची, मूर्तिकाराचे नाव, आणलेला दिवस. मूर्तिकाराचे नाव पावतीवर आहे, पाटीवर मात्र अजून धरलेले नाही. पाथरवट उद्या सकाळी पाटी कोरायला बसणार आहे, तोवर वेळ आहे.

जुन्या मारुतीबद्दल वडीलधाऱ्यांच्या तोंडून दोन गोष्टी ऐकू येतात. कोणी म्हणतात, तो बैलगाडीतून प्रकाशाहून आणला. कोणी म्हणतात, तो शिवारातच नांगराला लागला. यातले ज्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांकडून जे ऐकले असेल, त्यांनी ते समितीच्या चिटणिसांकडे सांगावे. मंदिराच्या नोंदवहीत त्यासाठी दोन पाने कोरी ठेवली आहेत. नोंदवही महाप्रसाद संपेपर्यंत मंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर राहील, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे ऐकून लिहून घ्यायला शाळेतली मुले तेथे बसली आहेत.